दाखल-खारीज: प्रशालेचा इतिहास लिहिताना ठेवलेल्या नोंदी

आमची जिल्हा परिषद प्रशाला मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात आहे. कमानीवर रंगवलंय 'स्थापना १९२५'. शताब्दी समिती बसली, तेव्हा 'इतिहास कोण लिहिणार' या प्रश्नावर सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. कारण साधं होतं. मी या शाळेचा माजी विद्यार्थी, टपाल खात्यातून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला आणि समितीच्या मते रिकामा. निजामाच्या काळातल्या शाळांची दप्तरं आणखी पुष्कळ गावांत पडून आहेत. ती उघडायला बसणाऱ्याचे तरी दिवस वाचावेत म्हणून या नोंदी.

१८ जून २०२५

शाळा सुरू होऊन दोन दिवस झाले. मुख्याध्यापिका मॅडमनी जुन्या दप्तराचं कपाट दाखवलं, पण किल्ली कुणाकडंच नाही. शिपाई मामा म्हणाले, "तेल घालून बघू, न्हाई निघालं तर पहार हाय." तेलानं निघालं.

आत जनरल रजिस्टरं, हजेरीपट, पगारपत्रकं, फीची किर्दवही आणि शेरेबुकं होती. खालच्या कप्प्यातल्या नऊ वह्या उर्दूत. दोन वह्यांना वाळवी लागलेली, पण ती कडेकडेनंच खात गेली होती, मजकूर बराचसा शाबूत.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. दमट वास येतोय म्हणून मी वह्या व्हरांड्यात उन्हात मांडल्या. दोन तासांत पुठ्ठे पापडासारखे वळले आणि एका वहीची शिवण उकलली. वह्या उन्हात घालायच्या नसतात. सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये कोरा न्यूजप्रिंट घालून दोन-तीन दिवस ठेवायच्या. छापलेलं वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. उकललेल्या वहीला चिकटपट्टी लावायला मी निघालोच होतो, मॅडमनी हात धरला. ती वही सुती फडक्यात बांधून ठेवली.

२ जुलै

रजिस्टर शाळेबाहेर न्यायचं नाही, ही मॅडमची अट. योग्यच आहे. जनरल रजिस्टर हा शाळेचा सातबारा असतो, त्यावर लोकांचे जन्मदाखले आणि जातीचे दाखले उभे असतात. म्हणून फोटो त्यांच्याच खोलीत काढायचे ठरलं.

मोबाइलचा फ्लॅश चालू ठेवून चार दिवस फोटो काढले. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं, तर प्रत्येक पानाच्या मधोमध पांढरा डाग आणि नेमकं तिथलं नाव गायब. सगळं परत. आता दोन बाजूंनी दोन एलईडी नळ्या, खाली काळं कापड आणि वर मोबाइल धरायला लाकडी घोडी, अशी मांडणी केली. घोडी शाळेच्याच जुन्या सुतारकामाच्या खोलीतल्या फळ्यांची आहे. एकेकाळी ही बहुउद्देशीय प्रशाला होती. त्या काळातला रंधा आणि पटाशी अजून तिथं आहेत, रंध्याला धारही आहे.

काम निम्म्यावर आल्यावर एका लिपिकांनी सहज सांगितलं की २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, तेव्हा या वह्यांची पानं कचेरीच्या माणसांनी येऊन टिपून नेली होती. काही पानांवर पेन्सिलीच्या बारीक खुणा दिसत होत्या, त्यांचा उलगडा तेव्हा झाला. ते फोटो मिळतात का, हे आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. विचारल्यावर 'बघतो' असं उत्तर मिळालं. मी वाट न पाहता माझं काम पुढं नेलं.

फाइलींना नावं देताना 'जुनी वही पान १' असला प्रकार करू नका. मी केला, आणि तीन वह्यांची 'पान १' एकमेकांवर बसली. आता वहीचा क्रमांक, पानाचा क्रमांक, डावी की उजवी बाजू एवढंच नाव. उर्दू वही आपल्या हिशेबानं उलटी उघडते. तिचं पहिलं पान आपल्याला शेवटचं वाटतं. हेही एका वहीच्या बाबतीत उशिरा लक्षात आलं.

११ जुलै

उर्दू मला येत नाही, पण आकडे शिकायला काय लागतं, असं वाटलं. एका संध्याकाळी शिकलो. सर्वांत जुन्या 'दाखल-खारीज' वहीच्या, म्हणजे मुलांची नावं घालण्या-कमी करण्याच्या वहीच्या, पहिल्या पानावर वर्ष वाचलं १३३०. फसली सन, म्हणजे निजामाच्या राज्यातलं सरकारी वर्ष, इसवीत आणायचा ढोबळ हिशेब माहीत होता, तो केला आणि १९२१ आलं. शाळा कमानीपेक्षा चार वर्षांनी म्हातारी निघाली! मी उत्साहात समितीच्या अध्यक्षांना रात्री साडेनऊला फोन केला.

१५ जुलै

फोन करायला नको होता.

उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक शिक्षक आहेत, सगळं गाव त्यांना मास्टरसाब म्हणतं. वय ७८. त्यांनी पान हातात घेतलं, भिंग लावलं आणि हसले. "मियाँ, ये सिफर नहीं, पाँच है. सिफर तो नुक्ता होता." उर्दूतला पाच उलट्या बदामासारखा गोलसर असतो, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. मी पाचाला शून्य समजलो. वर्ष १३३५. याच्या उलटही घडतं. माशीनं केलेला ठिपका शून्य वाटतो आणि १३ मुलांची १३० होतात. संशय आला की शेजारच्या ओळीचा अनुक्रमांक पाहायचा, तो खोटं बोलत नाही.

मास्टरसाब मानधन घेणार नाहीत. रिक्षाचं भाडं घेतील, तेही आम्ही भांडलो तर. आठवड्यातून दोन दिवस, दुपारी तीन ते पाच, असं ठरलं. ते वाचणार, मी देवनागरीत लिहून घेणार. पहिल्या दिवशी पाच पानं झाली. मी तीस धरली होती.

वहीतले रकाने पुढं कामाला येतील म्हणून इथं लिहितो: वल्दियत म्हणजे बापाचं नाव, सुकूनत म्हणजे राहण्याचं ठिकाण, पेशा म्हणजे बापाचा धंदा, साबिक मदरसा म्हणजे आधीची शाळा, आणि शेवटी वजह-ए-खारीज, म्हणजे नाव कमी करण्याचं कारण. हा शेवटचा रकाना सगळ्यांत अरुंद आहे. पुढचे कित्येक महिने आम्ही त्याच्यातच अडकून पडणार होतो.

२८ जुलै

स्थापनेचं वर्ष सुटलं. समितीच्या दृष्टीनं बिघडलं.

हैदराबाद संस्थानातला फसली सन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आझूर महिन्यापासून सुरू व्हायचा. महिन्यांची नावं फारसी: आझूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर फसलीत ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढची असेल तर ५९१. इतकंच आहे, पण याच एका आकड्यावर आमच्या शाळेची कमान चुकली.

पहिली नोंद अमरदाद १३३५ ची आहे. अमरदाद म्हणजे जून. १३३५ अधिक ५९१, म्हणजे जून १९२६. १९७५ च्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कुणीतरी महिना न पाहता सरळ ५९० मिळवले, १९२५ लिहिलं, आणि तेच कमानीवर गेलं. पन्नास वर्षं हे वर्ष तपासायला कुणी वही उघडली नाही.

दुसरी भानगड याहून मोठी. १३३५ साली जी उघडली ती 'मदरसा वस्तानिया', म्हणजे मिडल स्कूल. तहतानिया प्राथमिक, वस्तानिया मिडल, फोकानिया हायस्कूल. फोकानियाचे वर्ग आमच्याकडं अमरदाद १३५१ मध्ये सुरू झाले, म्हणजे जून १९४२. मग हायस्कूलची शताब्दी कोणत्या वर्षी?

९ ऑगस्ट

समितीची बैठक. मी वहीचे फोटो नेले होते. अध्यक्षांनी ते नीट पाहिलेही, मग म्हणाले, "भाऊ, बॅनर छापून आलेत. एक वर्ष इकडं का तिकडं, कोण बघायलंय?" एका माजी विद्यार्थ्याचं म्हणणं की १९४२ घेतलं तर आपण सगळेच तरुण होऊ. दीड तास गेला. शेवटी ठरलं की कार्यक्रम जानेवारी २०२६ मध्ये 'शताब्दी वर्ष' म्हणून करायचा, म्हणजे १९२६ शी जमतं, आणि पुस्तकात दोन्ही वर्षं स्वच्छ लिहायची. बॅनरवरच्या '२५' वर रंगीत कागद चिकटवायचं काम मामांकडं.

माझी सूचना: स्थापनेचं वर्ष बॅनर छापण्यापूर्वी तपासा. आणि ते कळल्यावर रात्री फोन करू नका.

२२ ऑगस्ट

चौतीस वर्षं टपालाचे शिक्के वाचले, त्यामुळं रजिस्टरातले शिक्के दिसले की मला हुरूप येतो. पानापानावरचे शिक्के लावून नावांची साखळी केली. आधी उर्दूतला 'मदरसा वस्तानिया सरकार-ए-आली', मग 'फोकानिया', १९४८ नंतर 'गव्हर्नमेंट हायस्कूल', पुढं 'शासकीय बहुउद्देशीय प्रशाला', शेवटी 'जिल्हा परिषद प्रशाला'. पुस्तकी विषयांबरोबर हातकामही शिकवणाऱ्या बहुउद्देशीय शाळांची कल्पना माध्यमिक शिक्षणावरच्या मुदलियार आयोगाची, १९५२-५३ ची. सुतारकामाची खोली तिचीच.

या साखळीवरून मी तारखा ठरवल्या आणि तिथंच फसलो. जिल्हा परिषदेचा शिक्का पहिल्यांदा १९६४ मध्ये उमटलाय, म्हणून शाळा १९६४ मध्ये जिल्हा परिषदेकडं गेली, असं लिहून टाकलं. पगारपत्रकं काढली तर तिथं १९६२ पासूनच जिल्हा परिषद. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्याच १ मे १९६२ ला. जुना रबर झिजेपर्यंत शाळेनं तोच शिक्का मारला, दुसरं काय. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, तरी आमच्या वहीत हैदराबाद राज्याचा शिक्का पुढं कित्येक महिने चालूच आहे. टपालातही हेच चालायचं. माहीत असून चुकलो.

शिक्क्यावरून 'याच्या नंतरचं' एवढं कळतं, 'याच दिवशी' हे कळत नाही. बदलाची तारीख पगारपत्रकावरून घ्या. पगाराच्या बाबतीत शिक्षक चूक होऊ देत नाहीत.

५ सप्टेंबर

पुतणीची मुलगी बारावीत आहे, तिला एक्सेलचं काम दिलंय. पहिल्या आठवड्यात तिनं इयत्ता आणि तुकडी '५-१' अशी भरली. एक्सेलनं तिची सगळीकडं तारीख करून टाकली. आम्ही छापून काढलं तेव्हा दिसलं, मुलं पाचवीऐवजी जानेवारीत शिकत होती. परत भरण्यात तीन संध्याकाळी गेल्या. रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या, मगच भरायला बसा. तिनं मला सांगितलं होतं, मी म्हणालो होतो, "आधी भर, मग बघू."

जातीचा रकाना आम्ही मुद्दाम भरला नाही. बातमी गावात फुटली तेव्हापासून रोज कुणी ना कुणी येतंय: "आमच्या आजोबांचं नाव सापडलं का, पुढं काय लिहिलंय?" प्रत्येकाला मॅडमकडं अर्ज करायला सांगतो. आम्ही इतिहास लिहितोय, दाखले देत नाही. हे ऐकून दोघे रागावले, एक जण शेजारचाच आहे.

१७ सप्टेंबर

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनाला गावातली म्हातारी माणसं येतात, म्हणून आजचा दिवस बोलण्यासाठी राखून ठेवला होता. मोबाइलवर आवाज टिपून घेतले. शाळेच्या पटांगणात घेतल्यामुळं निम्म्या ठिकाणी माणसापेक्षा लेझीमच जास्त ऐकू येतं. मुलाखती घरी जाऊन घ्याव्यात, पंखा बंद करून.

विषय होता स्मरणिकेतलं एक वाक्य: '१९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत आमच्या शाळेतल्या सहा विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं.' चळवळ खरी. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत मुलं वंदे मातरम् म्हणायला लागली, त्यांना काढलं गेलं, त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला. पण १९३८ साली आमची शाळा मिडल स्कूल होती. पोरं बारा-तेरा वर्षांची.

वहीत बहमन १३४८ मध्ये, म्हणजे डिसेंबर १९३८ मध्ये, खरंच सहा नावं कमी झालेली आहेत. मला तर आनंदच झाला. मास्टरसाबांनी कारणाचा रकाना वाचला: गैरहाजिरी. सहाही ठिकाणी तेच. मी म्हणालो, हेडमास्तर खरं कारण कशाला लिहील? ते म्हणाले, पान उलटा. त्याच फसली वर्षीच्या अमरदादमध्ये, म्हणजे जून १९३९ मध्ये, नवं सत्र सुरू होताना, त्या सहांपैकी चौघे पुन्हा दाखल. फी भरून, त्याच वर्गात.

आज ज्यांना विचारलं त्यातले सर्वांत वयस्कर ९१ वर्षांचे. तेव्हा ते चार-पाच वर्षांचे असणार. त्यांनी थोरल्या चुलतभावाकडून ऐकलेलं सांगितलं, आणि चुलतभाऊ कदाचित स्मरणिका वाचून सांगत असेल. पुस्तकात आम्ही असं लिहिलं: सहा नावं कमी झाली, वहीतलं कारण गैरहाजिरी, चौघे सहा महिन्यांत परत आले, उरलेल्या दोघांबद्दल गावात वंदे मातरमची आठवण सांगतात. हे वाक्य कार्यक्रमात भाषण ठोकायला उपयोगाचं नाही, अशी तक्रार आली आहे.

२४ सप्टेंबर

चार दिवस पाऊस थांबलेला नाही, जिल्ह्यात शेतं वाहून गेली. कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल आली. मामांनी रात्री नऊला येऊन वह्या टेबलावर काढल्या, त्यांच्या स्वतःच्या घरात गुडघाभर पाणी असताना. एकही पान भिजलं नाही. फोटोंची एकच प्रत होती, ती माझ्या संगणकात, आणि लाइट येता-जाता तोही बंद पडला. दुरुस्त झाला, पण आठवडाभर झोप नव्हती. दोन हार्डडिस्क मागवल्या. एक शाळेत, एक माझ्याकडं.

१२ ऑक्टोबर

आज १३५७ ची पानं. ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. ही पानं आम्ही दोघेही पुढं पुढं ढकलत होतो, आता लक्षात येतं.

वर्षाच्या सुरुवातीला सगळं नेहमीसारखं आहे. इस्फंदारपासून, म्हणजे जानेवारी १९४८ पासून, नावं कमी व्हायला लागतात. एका पानावर दोन, पुढच्या पानावर सात, मग पानभर. देशमुख, कुलकर्णी, मारवाडी, वाणी, नंतर शेतकऱ्यांची पोरं. रझाकारांच्या भीतीनं तेव्हा कुटुंबंच्या कुटुंबं सरहद्दीपलीकडं, बार्शी-सोलापूर-नगरच्या बाजूला निघून जात होती. माझी आई तेव्हा सहा वर्षांची, तीही बैलगाडीत बसून गेली होती. कारणाच्या रकान्यात सगळ्यांपुढं एकच शब्द. गैरहाजिरी.

नऊ वर्षं एकाच सदर मुदर्रिसांची, म्हणजे हेडमास्तरांची, सही प्रत्येक पानाखाली येते. लफ्फेदार, शेवटी खाली ओढलेली. मेहर १३५७ नंतर ती सही नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, पोलीस ॲक्शन, म्हणजे हैदराबादवरची भारतीय फौजेची कारवाई. आबान महिन्याचं पान कोरं. पुढच्या नोंदी १३५८ मध्ये सुरू होतात, वेगळ्या हातानं, आणि पुन्हा पानभर नावं कमी. आता ही मुसलमान पोरांची आहेत. कारण: गैरहाजिरी. अक्षर वेगळं, माणूस वेगळा, शब्द तोच.

मास्टरसाब एका नावावर थांबले. त्यांचा थोरला भाऊ. मला माहीत नव्हतं. मी लिहायचं थांबलो, तर म्हणाले, "लिखो, लिखो." मग मराठीत म्हणाले, "गैरहाजिर कुठला, उसाच्या फडात होता. चार रात्री. एका पाटलानं भाकरी पोचवली. परत शाळेत कधी आला नाही, कापड दुकानात लागला." पुढं त्या दिवशी एवढी एकच ओळ वाचून झाली. चहा घेतला आणि त्यांना घरी सोडून आलो.

ही हकिकत त्यांच्या परवानगीनं, नाव न देता, 'तोंडी' असा शेरा मारून पुस्तकात घेतली. हेडमास्तरांचं काय झालं, यावर गावात तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. पुस्तकात एवढंच आहे की सही कुठं थांबते. समितीतल्या एकाचं म्हणणं, हे पान शताब्दीच्या पुस्तकात कशाला? दुसऱ्यानं विचारलं, पहिलं पान घेणार आणि दुसरं वगळणार का? दोन्ही राहिली. दोन्ही समोरासमोर छापायची, ही सूचना मॅडमची.

३ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. आजचं काम रुक्ष, पैशांचं.

स्मरणिकेत आहे, शाळेची दगडी इमारत १४,००० रुपयांत झाली. वहीत आकडा तोच, पण तो हाली सिक्क्यात. संस्थानचं चलन हाली, इंग्रजी मुलखातलं कलदार. १०० कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा सरकारी दर, म्हणजे सात हालीला सहा कलदार. १४,००० हालीचे १२,००० कलदार होतात. मी आधी सरळ '₹१४,०००' लिहून मोकळा झालो होतो. शिवाय हे आजचे रुपये नव्हेत. १ एप्रिल १९५७ पूर्वीच्या रकमांना आणे-पै असतात, त्यांची दशांशात मोडतोड करायच्या फंदात पडू नका, जसं आहे तसं ठेवा.

फीच्या किर्दीतल्या तीन वह्या वाचताच आल्या नाहीत. त्यात आकडे नेहमीचे नाहीत, सियाक नावाच्या जुन्या हिशेबी लिपीत आहेत. मास्टरसाबांना त्यातलं जेमतेम ओळखू येतं. अंदाजानं भरण्यापेक्षा सोडून दिलं. या वह्यांवर मी अकरा दिवस घालवले होते, हे कबूल करतो.

६ डिसेंबर

मराठीतली रजिस्टरं धडाधड होतात. निवडणुकीच्या ड्युट्या लागल्यामुळं शिक्षक नव्हते, मॅडमची खोली रिकामी होती, तेही बरं झालं.

दोन ठिकाणी अडलो. १९७२-७३ च्या दुष्काळात वरच्या वर्गांतली मुलं अर्ध्या सत्रात गळाली, आणि कारण पुन्हा गैरहाजिरी. माझ्या वर्गातला एक जण भेटला, म्हणाला, "मी खडी फोडायला होतो, तुला माहीत नाही व्हय?" नव्हतं माहीत. तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा. आम्ही दोघंही सुकडीच्या रांगेत उभे राहिलेलो, तेवढं आठवलं. तो परत शाळेत का आला नाही, हे मी ५३ वर्षांत विचारलं नव्हतं.

दुसरं, १९७५ मध्ये परीक्षेला बसलेल्यांची संख्या एकदम दुप्पट. दोनदा भरलं गेलं असं समजून मी अर्ध्या ओळी पुसून टाकल्या. मग आठवलं, त्या वर्षी जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली एस.एस.सी. बरोबरच झाली होती. हार्डडिस्कवरच्या प्रतीतून ओळी परत आणल्या. विचित्र आकडा दिसला की पुसण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी.

१९ जानेवारी २०२६

पुस्तक छापून आलं, १६८ पानं, ३०० प्रती. कार्यक्रम पुढच्या रविवारी. कमानीवर पेंटरनं 'वस्तानिया १९२६, हायस्कूल १९४२' असं रंगवलंय. 'वस्तानिया' म्हणजे काय, असं त्यानं विचारलं. सांगितलं, तर म्हणाला, "मग मिडल स्कूलच लिहू की, लोकांना कळंल." आम्ही वस्तानियाच ठेवलं. पहिल्या शिक्क्यात तेच आहे.

खर्चाचा हिशेब:
न्यूजप्रिंट, कापड, दोरा: ६४० रुपये
दिवे आणि घोडी: १,८५०
हार्डडिस्क दोन: ८,४००
मास्टरसाबांची रिक्षा: १,३००
नकला आणि झेरॉक्स: १,१२०
छत्रपती संभाजीनगरच्या तीन फेऱ्या, दोन माणसं: २,७०० (माझं एसटीचं तिकीट अर्धं)
डेटा भरणं: ९,०००
छपाई: ५४,०००
एकूण ७९,०१०. वर्गणी ८५,००० जमली होती. उरलेल्या ५,९९० मधून वह्यांसाठी लोखंडी कपाट घ्यायचं, कमी पडतील ते मी घालणार. किल्ल्या दोन करायच्या, एक मॅडमकडं, एक मामांकडं.

सात महिने लागले. तीन धरले होते. एका माणसाला रोज चार तास देता आले, उर्दू वाचणारा पहिल्या दिवसापासून मिळाला आणि उन्हात वह्या घातल्या नाहीत, तर चारमध्ये होईल.

राहिलेलं: सियाकातल्या तीन किर्दवह्या, वाळवीनं कड खाल्लेल्या वहीतली काही नावं, आणि त्या सहांपैकी दोघं. पुस्तक घेऊन परवा मास्टरसाबांकडं गेलो. त्यांनी ते समोरासमोरचं पान उघडलं, भिंग लावून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि एका नावाचा नुक्ता चुकलाय म्हणाले. शुद्धिपत्रकाची चिठ्ठी छापायला दिली आहे, ३०० प्रती, उद्या मिळतील.